एका बाजूनं पुसलेली काच

आमच्या दोन घरांत मिळून एक कंदील होता. पवनारच्या अलीकडे, धाम नदीच्या काठाला आमची वस्ती. मारोती थूलचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत. दोघांचे बाप जिनिंगमध्ये हमाल, दोघांच्या माया तिथंच कापूस निवडायला. संध्याकाळी चौघं परत आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. घासलेट दोन घरांना पुरेल इतकं कधीच मिळत नसे. म्हणून मारोतीच्या मायनं, आम्ही तिला सरजामाय म्हणत असू, भिंतीला एक आरपार भोक पाडून घेतलं आणि त्यात कंदील ठेवला. अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी दोन्हीकडे सारखीच, पण उजेड सारखा पडत नसे. तिकडे थोडा जास्त पडतो, असं मला वाटायचं. मी कंदील माझ्या बाजूला थोडा ओढायचो. जरा वेळानं तो पुन्हा मधोमध यायचा. पलीकडून मारोती नुसता सरकवायचा.

मी त्याच्यावर जळायला लागलो ते तिथपासून. हे लिहायला मला लाज वाटत नाही. जळण्यासारखं त्याच्यात होतं म्हणून मी जळलो. रिकाम्या माणसावर कोण जळतं?

कंदिलाची काच पुसायचं काम एक दिवस माझ्याकडे, एक दिवस त्याच्याकडे. मी काडीला चिंधी गुंडाळून आतून गरगर फिरवायचो. काच अशी चकाकायची की सरजामायसुद्धा म्हणायची, "शामानं पुसली का आज? मारोत्या, शीक त्याच्यापाशी." मारोती चिंधी वरच्या तोंडातून आत घालायचा आणि खालच्या तोंडातून सरळ ओढून घ्यायचा. पुन्हा घालायचा, पुन्हा ओढायचा. नेहमी वरून खाली, उलट कधीच नाही. त्याची काच माझ्याइतकी चकाकत नसे. पण पुसून झाली की तो ती डोळ्याला लावून दिव्याकडे बघत बसायचा.

"काय पाहून राह्यला बे?"

"उजेड आडवा सांडते, शाम्या. मी उभं पुसलं तं तो आडवा सांडते. तू पुसतं तेव्हा चहूकडे सांडते."

"मंग माहीच चांगली ना."

"चांगली हाय. पण तुह्यात काही दिसत नाही."

ही त्याची बोलायची रीत. चांगलं म्हणता म्हणता माणसाच्या हातातून काढून घ्यायचा.

पुसण्याची ही खोड त्याला जन्मभर राहिली. पाटी, ताट, चष्मा, सायकलची सीट, काहीही असो, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच हात फिरवायचा, उचलायचा आणि पुन्हा पहिल्या टोकाला यायचा. कॉलेजात फळा पुसायचा तेव्हा मुलं हसायची. दुसरी खोड म्हणजे त्याचं एक वाक्य. गावात तंबूतला सिनेमा आला आणि पोरांनी पडद्याकडे बघत आरडाओरडा सुरू केला, की हा म्हणायचा, "थांबा ना बे. पहिले अंधार तं होऊ द्या." परीक्षेचा निकाल लागायचा असला तरी तेच. माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हाही तेच. मला त्या वाक्याचा संताप यायचा, पण मागाहून मीही वर्गात ते वापरायला लागलो.

आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी कोणालाही सांगतो, तुम्हालाही सांगतो. मी बी. एस्सी. झालो, दुसऱ्या वर्गात. मारोती मध्ये एकदा नापास झाला, म्हणून मागं राहिला. मी पास झालो त्या दिवशी वस्तीनं मला हार घातला आणि हारात सगळ्यात मोठं फूल मारोतीनं ओवलं होतं. पुढच्या साली तो तिसऱ्या वर्गात पास झाला. त्याला हार घालायला लोक आले तर हा घरी नाही. शोधलं तर नदीच्या डोहाशी पाण्यात काठी तिरपी धरून बसलेला. काठी मोडल्यासारखी का दिसते ते बघत होता. लोक म्हणाले, "पाह्य, कसा साधा पोट्टा!" मी हार घालून दिवसभर वस्तीत फिरलो होतो, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

वर्ध्याच्या कॉलेजात आम्ही दोघंही पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर झालो. प्रयोगाचं सामान मांडायचं, मुलांचे आकडे तपासायचे, सामान आवरायचं. आमचे विभागप्रमुख मुळेसर भले गृहस्थ. संध्याकाळी प्रयोगशाळेची किल्ली ते आमच्याकडे ठेवत. मी त्या वेळात एम. एस्सी.ची पुस्तकं वाचायचो. मारोतीनं लायब्ररीतल्या एका फाटक्या इंग्रजी मासिकात लिक्विड क्रिस्टलविषयी वाचलं आणि त्याला वेड लागलं.

ही वस्तू काय असते, ते मला त्यानंच समजावलं. रसायनच्या लोकांना मस्का लावून त्यानं एक पिवळी भुकटी बनवून घेतली होती. ती तापवली की वितळते, पण साधी वितळत नाही. आधी गढूळ होते, तेलासारखी वाहते, आणि आणखी तापवली की एकदम स्वच्छ होते. त्या गढूळ अवस्थेत ती वाहते पाण्यासारखी, पण उजेडाशी वागते स्फटिकासारखी.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"गिरडच्या टेकडीले लोक जातात ना बे, शेख फरीदच्या दर्ग्याले? धक्काबुक्की करतात, कोणी पुढे, कोणी मागे, कोणाचा कुठी पत्ता नाही. पण तोंडं सगळ्यांची टेकडीकडे. हे तसंच हाय. कण फिरते, पण तोंड एका बाजूनं."

माझ्याकडे दुसरा वर्ग होता आणि असं एकही वाक्य नव्हतं.

त्याला करायचं होतं ते असं. दोन काचांच्या मध्ये ती भुकटी वितळवायची आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायची. साखरेची परीक्षा करायचं एक जुनं मोडकं यंत्र कॉलेजात पडून होतं, त्यातले दोन स्फटिक काढून एक खाली आणि एक वर असे आडवे-उभे बसवायचे, म्हणजे मधून उजेड येत नाही. मधला थर नीट बसला, तर तो असूनही काळोखच दिसतो. मग काचांना वीज जोडायची. कण वळले की काळोखातून उजेड फुटेल. वीज काढली की पुन्हा काळोख. म्हणजे उजेडाला बटण.

पण काचेतून वीज जाईल कशी? त्यावर यानं वाचलं होतं की तापलेल्या काचेवर कथलाच्या क्षाराचं पाणी फवारलं की काचेवर न दिसणारा विजेचा लेप बसतो. फवारायचं कशानं? मलेरियाच्या औषधाचा पिचकारी पंप त्यानं गावातल्या फवारणीवाल्याकडून आणला आणि घरच्या शेगडीवर काचा तापवून अंगणात फवारा मारला. असा तिखट धूर उठला की सरजामाय खोकत बाहेर आली.

"काऊन रे, डास मारून राह्यला का मले?"

"माय, काचेले साजरी करून राह्यलो."

"तिले साजरी करतं, अन् मायले रडवतं!"

वीज टॉर्चच्या सेलची. एक सेल पुरत नसे, रांगेत जोडत जावे लागत. मुळेसरांच्या टॉर्चमधले सेल गेले, वसतिगृहाच्या रेक्टरांचे गेले, माझे तर आधीच गेले होते. रेक्टर एकदा अंधारात नालीत पाय घालून बसले आणि तिथूनच ओरडले, "थूल! माझा उजेड परत दे!" सगळं कॉलेज हसलं. मारोतीनं सेल परत दिले, पण पिळून घेतलेले.

एका उन्हाळ्यात तर वेगळंच झालं. भुकटीची एक बाटली खिडकीत राहिली होती, दुसरी डब्यात. तापवताना खिडकीतली भुकटी डब्यातलीच्या आधी, कमी तापमानातच, स्वच्छ व्हायला लागली. मी म्हणालो, तुझा थर्मामीटर बिघडला. त्यानं थर्मामीटर बदलला, तरी तेच. अर्धी भुकटी उन्हात, अर्धी काळ्या कागदात, असं करून बघितलं, तरी तेच.

"याले ऊन लागलं, शाम्या," तो म्हणाला आणि स्वतःच खूप हसला. मग त्यानं काळा कागद पुन्हा उलगडून बघितला. "म्हणजे नुसती वीजच नाही बे. उजेडानंही हे बदलते. उजेडानं उजेड वळवता येईन."

मला ते पटलं. म्हणूनच मी त्या दिवशी लवकर घरी गेलो.

आता खरं दुखणं सांगतो. त्याचा प्रयोग माझ्या हातून होत नसे. तीच काच, तीच भुकटी, तेच सेल, काचेखालची तीच तांब्याची तापलेली पट्टी. त्याचा थर काळाकुट्ट बसायचा, आणि ठरावीक सेलपर्यंत काही व्हायचं नाही. पुढचा एक सेल जोडला की काळोखात नांगरल्यासारख्या उजेडाच्या रेघा उठायच्या. सेल वाढवला की रेघा हलायला लागायच्या, रंग बदलायचे. माझा थर पहिल्यापासूनच कुठे काळा, कुठे पांढरा, सगळी गिचमिड. ज्याला काळोखच नाही त्यात उजेड कुठून दिसणार? मी काच स्पिरिटनं धुवायचो, त्याच्यापेक्षा चकचकीत पुसायचो. माझा हिशेब त्याच्यापेक्षा चोख. तरी गिचमिड.

मुळेसर म्हणाले, "थूलच्या हाताला गुण आहे."

हातगुण! आमच्या वस्तीत साप उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताला गुण होता. त्यातून बाहेर पडण्यासाठी मी शिकलो होतो. आणि इथं प्रयोगशाळेत, ग्रॅज्युएट झालेल्या माणसासमोर, पुन्हा हातगुण. मी रात्ररात्र जळलो असेन. मारोतीला विचारलं, तू काय वेगळं करतो? तो म्हणाला, "काही नाही ना बे. तुह्यासारखंच." आणि तो खोटं बोलत नव्हता. त्यालाच माहीत नव्हतं.

छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. त्याच्या दुसऱ्या थंडीत मुळेसरांनी बातमी आणली. नागपूरचे एक मोठे प्रोफेसर कॉलेज बघायला येणार. त्यांच्याकडे संशोधनासाठी एक जागा आहे, वर्ध्यातून कोणी लायक दिसला तर घेणार. एकच जागा. मी अर्ज केला. माझा वर्ग वरचा होता. मारोतीनं अर्ज केला नव्हता, मुळेसरांनी त्याच्याकडून करवून घेतला आणि म्हणाले, "तुझा अर्ज म्हणजे तो प्रयोग. तो दाखव."

मारोतीला ती जागा किती हवी होती ते मला भिंतीतून कळायचं. त्याचा बाप त्या पावसाळ्यात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींखाली येऊन कंबर मोडून बसला होता. लोक म्हणत होते, मारोत्यानं आता शाळामास्तरची पक्की नोकरी धरावी, हे काचांचे खेळ सोडावे. तोही बापाला म्हणाला होता, "एवढ्यानं नाही झालं तं सोडतो, बाबा." हे मी ऐकलं होतं. तो सोडेल, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

प्रोफेसर येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मारोती काचा घरी घेऊन आला. सकाळी पुसून नेऊ म्हणाला, पण उठून बघतो तर काचा लख्ख, म्हणून त्यानं त्या तशाच डबीत घातल्या. सकाळी आम्ही दोघं माझ्या सायकलवर निघालो, तो मागं कॅरिअरवर, काचांची डबी छातीशी धरून.

प्रोफेसर उंच, पांढऱ्या कोटातले, घाईतले. त्यांना दुपारी परत जायचं होतं. माझी मुलाखत आधी झाली आणि चांगली झाली. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं. मग ते मायक्रोस्कोपपाशी आले. मारोतीनं थर वितळवला, पट्टीचं तापमान जमवलं आणि बाजूला झाला.

प्रोफेसरांनी डोळा लावला. "यात काळोख कुठे आहे, मिस्टर थूल?"

मारोतीनं सेल एकेक करून जोडले, पुन्हा काढले. "आता, सर?"

"गिचमिड आहे. आधी होती तशीच."

मी मागं उभा होतो. माझी गिचमिड त्याच्या थरात आली होती. मुळेसर घाम पुसत होते. प्रोफेसर घड्याळाकडे बघून म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण एकदा झालं आणि एकदा नाही, याला आम्ही प्रयोग म्हणत नाही. चहा घेऊ या का, मुळे?"

"थांबा ना, सर," मारोती म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाला तो "थांबा ना" म्हणाला. स्वतः डोळा लावला आणि बराच वेळ काचेत बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता.

"काय झालं?" मुळेसर ओरडलेच.

"सर, हे तं मायच्या हातचं हाय."

कोणाला काही कळेना.

"गोल गोल भोवरे दिसते, सर. आमच्या घरच्या पितळेच्या ताटावर असेच दिसते. मायनं घासल्या काचा! राखेनं! पाहुणा येऊन राह्यला म्हणून!" तो इतका खुश झाला होता की आपली जागा जात आहे हे तो विसरला. "काचेले याद राह्यते, सर. जसं पुसलं तसे कण झोपते. मी लहानपणापासून एका बाजूनं पुसतो. हा शाम्या गोल पुसते. म्हणून त्याचं होत नव्हतं! मले आता कळलं!"

प्रोफेसर खाली बसले. "काच एका दिशेनं घासली की हे कण रांगेत बसतात, हे परदेशात कोणी कोणी पाहिलं आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कंदिलाच्या काचेनं, सर," तो म्हणाला, आणि भिंतीतल्या भोकाची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. उजेड आडवा सांडतो, तेही सांगितलं.

मी ऐकत होतो. कंदील माझ्याही घरात होता. तीच काच एक दिवस माझ्याही हातात असायची. आडवा सांडणारा उजेड त्यानं मला दाखवलाही होता. आणि मी म्हणालो होतो, मंग माहीच चांगली.

चहा तसाच राहिला. मारोतीनं दुसऱ्या काचा घेतल्या, खिशातून खादीचा रुमाल काढला आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकेक हात फिरवायला लागला. प्रोफेसरांनी त्याचा हात धरला.

"तुम्ही नाही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यांना पुसू द्या. हातगुण वैद्याला असू द्या. इथे दुसऱ्याच्या हातून झालं, तरच झालं म्हणायचं."

रुमाल माझ्या हातात आला. त्या काचेवर एक हात तिरपा फिरवला असता तरी पुरे होतं. ते माझ्या मनात आलं नाही, असं म्हणणारा माणूस खोटा. पण मी वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट होतो. शिकून वाकडं पुसायचं असतं, तर मग न शिकलेलं काय वाईट होतं? मी सरळ पुसलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि उचलून पुन्हा पहिल्या टोकाला. मारोती शेजारी उभा राहून बघत होता.

थर वितळला. मी डोळा लावला. काळोख. माझ्या हातून पहिल्यांदा असा काळोख पडला, विहिरीसारखा. मी मनात म्हणालो, झालं. आणि झालं म्हणजे कोणाचं झालं, तेही मला त्याच क्षणी कळलं. मारोतीनं सेल जोडत नेले. एक वेळ आली आणि काळोखात रेघा उठल्या. प्रोफेसरांनी मला बाजूला करून डोळा लावला आणि ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. "काढा," म्हणायचे. "जोडा," म्हणायचे. गाडीची वेळ टळली.

मारोतीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "झालं ना बे शाम्या! तुह्या हातूनही झालं!"

खरंच सांगतो, त्याचा तो आनंद मला सगळ्यात जास्त लागला. त्यात कुठेही माझ्यावर मात केल्याचा भाव नव्हता. असता, तर मी त्याचा राग करून मोकळा झालो असतो.

संध्याकाळी वस्तीत बातमी गेली. सरजामायला कोणीतरी सांगितलं की तुझ्या घासण्यानं पोराची नोकरी जात होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जात होती का? अन् माह्या घासल्यानंच कळलं, ते कोणी नाही सांगत! मी नसत्या घासल्या तं हे पोट्टे अजून हातगुण हातगुणच करत राह्यले असते." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "शामा, तू पुसल्या म्हणे. सरळ पुसल्या?"

"हो, सरजामाय."

"बरं केलं बाबू." एवढंच बोलून ती आत गेली आणि भिंतीच्या भोकातला कंदील माझ्या बाजूला सरकवून गेली. मी तो परत मधोमध ठेवला.

मारोती त्या जागेवर नागपूरला निघाला तेव्हा वर्ध्याच्या स्टेशनवर मी पोचवायला होतो. एक ट्रंक, एक वळकटी आणि ती काचांची डबी. तो गाडीत बसला तेव्हा खिडकीच्या काचेवर धूळ होती. त्यानं तोच खादीचा रुमाल काढला आणि काच पुसायला लागला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात उचलून पुन्हा पहिल्या टोकाला. गाडी सुटली तरी त्याचं पुसणं चालूच होतं. मला हात करायचं तो विसरला. पुसून झालेल्या काचेतून तो माझ्याकडे न बघता प्लॅटफॉर्मच्या दिव्याकडे बघत होता. उजेड आडवा सांडत असणार.

मारोती थूल पुढे याच विषयात पीएच. डी. झाला. आमच्या वस्तीतला पहिला डॉक्टर तो. पहिला ग्रॅज्युएट मी.